सातवीत शाळा सोडलेल्या गोनीदांनी मराठी कादंबरीला आवाज कसा दिला?

रंगमंचावर तीन-चार खुर्च्या, समोर माइक आणि वाचणाऱ्यांच्या हातात कागद. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, कुणी काही पाठही केलेलं नाही. फक्त एक कादंबरी मोठ्यानं वाचली जाते आणि दोन-अडीच तास सभागृह शांतपणे ऐकत राहतं.

आज पुण्यात, नाशकात, ठाण्यात किंवा कोल्हापुरात एखाद्या साहित्य महोत्सवाला गेलात, तर 'अभिवाचन' हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत हमखास दिसतो. कथा, पत्रं, आत्मचरित्र, कविता, सगळ्यांचं अभिवाचन होतं. त्यासाठी लोक तिकीट काढतात.

पण पूर्ण कादंबरी रंगमंचावर वाचून दाखवायची ही पद्धत महाराष्ट्रात रुजली, त्यात एका लेखकाच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. हा लेखक सातवीनंतर शाळेत गेला नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यानं रस्त्यावर, मठात, नदीकाठी आणि किल्ल्यांवर काढली. त्याची पात्रं शहरात फारशी रमली नाहीत. ती राहिली कोकणातल्या आगरात, वऱ्हाडातल्या नदीकाठी आणि वेल्ह्यातल्या राजगडासारख्या डोंगरावर.

त्यांचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणतो, तर जवळचे लोक अप्पा म्हणत.

परतवाड्याचा पळालेला मुलगा

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला झाला. मेळघाटाच्या पायथ्याचं हे गाव. घरात देवाधर्माचं वातावरण होतं आणि कानावर पडणारी भाषा वऱ्हाडी.

तो काळ स्वातंत्र्य चळवळीचा होता. गांधीजींच्या हाकेनं देशभरातली शाळकरी मुलंसुद्धा भारावली होती. बारा-तेरा वर्षांचा, सातवीत शिकणारा गोपाळ त्यांच्यापैकीच एक. त्यानं शाळा सोडली, घर सोडलं आणि चळवळीत उडी घ्यायची म्हणून तो निघाला.

असं घर सोडणारी मुलं बहुतेकदा काही दिवसांनी परत येत. गोपाळ मात्र पुन्हा कधीच शाळेच्या बाकावर बसला नाही. पुढची जवळपास सतरा-अठरा वर्षं तो भटकत राहिला. या वर्षांची हकिगत गोनीदांनी नंतर 'स्मरणगाथा' या आत्मकथनात लिहिली. त्याच पुस्तकाला १९७६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

म्हणजे ज्या वर्षांत बाकीचे लेखक कॉलेजात शिकत होते, वाङ्मय मंडळात कविता वाचत होते, त्या वर्षांत हा माणूस धर्मशाळांमध्ये झोपत होता. त्याचं शिक्षण त्याच वर्षांत झालं, फक्त ते वाचण्यापेक्षा ऐकण्यातून अधिक झालं.

कानांनी झालेलं शिक्षण

या भटकंतीत गोनीदांची गाठ पडली ती गाडगे महाराजांशी.

गाडगे महाराजही अमरावती जिल्ह्यातलेच. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम. त्यांचं कीर्तन पोथीतलं नव्हतं. ते वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, लोक उत्तरं देत आणि त्या सवालजबाबातून कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, असं सगळं सांगून होई. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. तरी हजारो माणसं रात्र-रात्र बसून ऐकत.

गोनीदा त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. साधी बोली किती ताकदवान असते आणि माणसांना जागं ठेवायचं असेल तर बोलण्यात लय, थांबे आणि चढउतार कसे लागतात, हे इथे रोज ऐकायला मिळत होतं. पुढे गोनीदांच्या लेखनात आणि व्याख्यानांत जे उतरलं, त्याचा पाया इथे दिसतो.

त्यानंतर गोनीदा वेदान्ताच्या अभ्यासाकडे वळले. आळंदीचं वारकरी वातावरण, ज्ञानेश्वरी, प्रवचनं यांत काही काळ गेला. मग नर्मदेची पायी परिक्रमा झाली. नर्मदेच्या एका काठानं जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं, असा हा हजारो किलोमीटरचा प्रवास. मिळेल ते खायचं आणि मिळेल तिथे झोपायचं. या अनुभवातून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे पुस्तक आलं. आजही नर्मदा परिक्रमेला निघणारे अनेक मराठी लोक हे पुस्तक वाचून निघतात.

या काळात गोनीदांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं काम केलं. औंध संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे ग्रंथ छापत, त्यांच्याकडेही काही काळ काम केलं. गांधीजींच्या चळवळीपासून संघापर्यंत आणि गाडगे महाराजांच्या कीर्तनापासून वेदपाठापर्यंत, हा प्रवास एका सरळ रेषेत बसत नाही. पण या सगळ्या ठिकाणी शब्द आधी कानावर पडत होता. कीर्तन, प्रवचन, ओवी, मंत्र, बौद्धिक, हे सगळं ऐकायचंच साहित्य आहे.

लेखणीवर संसार

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच सुमारास गोनीदांनी एक निर्णय घेतला. नोकरी करायची नाही, फक्त लेखनावर जगायचं.

आजही मराठीत पूर्णवेळ लेखक होऊन घर चालवणं कठीण आहे. तेव्हा तर मराठीतले बहुतेक लेखक प्राध्यापक, शिक्षक, वकील किंवा सरकारी नोकर होते. लेखन ही संध्याकाळची गोष्ट होती. गोनीदांकडे पदवी नव्हती, त्यामुळे प्राध्यापकीचा रस्ता बंदच होता. पुस्तकांचं मानधन आणि व्याख्यानं एवढाच आधार.

पुणे आणि मुंबईच्या मधल्या तळेगाव दाभाडे इथे गोनीदांनी बिऱ्हाड केलं. मावळातलं हे गाव. दारातून निघालं की समोर सह्याद्री. इथून पुढची पन्नास वर्षं गोनीदा लिहीत राहिले. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, चरित्रं, मुलांसाठीची पुस्तकं, किल्ल्यांवरची पुस्तकं, ज्ञानेश्वरीचा सोपा गद्य अनुवाद, असा हा पसारा शंभरीच्या आसपास जातो.

एवढं लिहिण्यामागे हौस होतीच, पण गरजही होती. लिहिलं नाही तर चूल पेटणार नाही, ही परिस्थिती होती.

प्रत्येक पुस्तकाची बोली वेगळी

गोनीदांच्या कादंबऱ्या एका पाठोपाठ एक वाचल्या की एक गोष्ट लगेच लक्षात येते. प्रत्येक पुस्तकातली माणसं वेगळ्या मराठीत बोलतात.

'शितू' आणि 'पडघवली' कोकणातल्या. 'शितू'मध्ये लहानपणीच विधवा झालेल्या मुलीची गोष्ट आहे, तर 'पडघवली'मध्ये ओस पडत चाललेल्या गावाची. 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडी बोलीत. 'पवनाकाठचा धोंडी' पवन मावळातली, तुंग किल्ल्याच्या परिसरातली. 'माचीवरला बुधा' राजमाचीवरची. मुंबई सोडून डोंगरावर एकटा राहायला आलेला म्हातारा बुधा हा तिचा नायक. 'जैत रे जैत' ठाकरांची. 'रानभुली'मध्ये रायगडावर वाढलेली मनी भेटते. 'आम्ही भगीरथाचे पुत्र' तर थेट पंजाबात, भाक्रा-नांगल धरणाच्या कामावर घडते.

या बोली गोनीदांनी त्या-त्या भागात राहून, माणसांच्या ओसरीवर बसून, त्यांच्याबरोबर भाकरी खाऊन उचलल्या. शब्दकोशातून असं काही मिळत नाही. बोली म्हणजे फक्त वेगळे शब्द नसतात. वाक्य कुठे तोडायचं, कुठला स्वर लांबवायचा, कुठे नुसता हुंकार द्यायचा, हे सगळं तिच्यात येतं. हे कागदावर उतरवता येतं, पण पूर्ण कळतं ते कुणी बोलून दाखवलं तरच.

म्हणूनच ही पुस्तकं मनातल्या मनात वाचताना काही वाचक सुरुवातीला अडखळतात. तीच पानं मोठ्यानं वाचली की अर्थ लागत जातो.

वेल्हे, भोर आणि राजगड

गोनीदांनी महाराष्ट्रातले असंख्य किल्ले पाहिले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण त्यांचा सर्वात लाडका गड राजगड होता.

राजगड पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्यात आहे. आता या तालुक्याचंच नाव राजगड करण्याचा निर्णय झाला आहे. पुण्याहून सातारा रस्त्यानं निघायचं, भोर तालुक्यातल्या नसरापूरजवळून आत वळायचं आणि गुंजवणे किंवा पाली गाव गाठायचं. गडाच्या एका अंगाला वेल्हे, तर दक्षिणेला संजीवनी माचीखाली भोर तालुक्यातलं भुतोंडे. जुन्या भाषेत सांगायचं तर हे गुंजण मावळ, कानद मावळ आणि हिरडस मावळ. शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची सुरुवात याच खोऱ्यांतल्या माणसांना घेऊन झाली.

राजगड जवळपास पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. महाराज आग्र्याहून सुटून परत आले ते इथेच. महाराणी सईबाईंचं निधन इथलं, राजाराम महाराजांचा जन्मही इथला. मधला बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. माची म्हणजे डोंगराच्या मुख्य सुळक्याखालची सपाटी, जिच्यावर वस्ती आणि तटबंदी असते. समोरच वेल्हे गावाच्या डोक्यावर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा.

आज शनिवार-रविवारी पुण्यातून शेकडो गाड्या गुंजवण्याला येतात. गोनीदांच्या उमेदीत तसं नव्हतं. किल्ल्यांवर जाणाऱ्यांची संख्या फार थोडी होती. एसटी जिथे सोडेल तिथून चालत जायचं, गावात कुणाच्या तरी घरी टेकायचं, मग गड चढायचा. वरती पद्मावतीच्या देवळात मुक्काम. पाणी टाक्यातलं, जेवण सोबत आणलेलं किंवा गडावरच्या माणसांनी दिलेलं.

गोनीदांसोबत तरुण मुलांचे गट असत. गडावर पोचल्यावर गोनीदा इतिहास सांगत, पण तो सनावळीसारखा नसे. हा दरवाजा असा का वळवला, या बुरुजावरून कुठला रस्ता दिसतो, इथे पहाऱ्याला उभा असलेला माणूस रात्री काय पाहत असेल, असं ते सांगत. ज्यांनी गोनीदांबरोबर गड पाहिले, त्यांच्यापैकी कित्येकजण पुढे आयुष्यभर किल्ले फिरत राहिले. महाराष्ट्रात गिर्यारोहणाची आणि दुर्गभ्रमंतीची जी लाट पुढे आली, तिच्या मागे 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं आणि ही भटकंती आहे.

गोनीदांच्या खांद्याला कॅमेरा असे. त्यांनी काढलेली किल्ल्यांची कृष्णधवल छायाचित्रं हा स्वतंत्र ठेवा आहे. अनेक वास्तू त्यानंतर ढासळल्या, त्यामुळे त्या चित्रांची किंमत आणखी वाढली.

गडाखालच्या माणसांची गोष्ट: 'वाघरू'

राजगडावर लिहिणारे बहुतेक लोक महाराजांबद्दल लिहितात. गोनीदांनीही लिहिलं. शिवकाळावरच्या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. पण 'वाघरू'मध्ये त्यांनी वेगळं काम केलं. राजगड घेतला, मात्र त्यातून राजा बाजूला ठेवला.

वाघरू म्हणजे वाघाच्या जातीतलं जनावर. मावळात बिबट्यालाही वाघरूच म्हणतात. कादंबरी आहे ती स्वातंत्र्यानंतरच्या काळात गडाच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या साध्या माणसांची. गुरं हेच त्यांचं धन, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटतो आणि रात्री गोठ्याबाहेर वाघराचा वावर असतो.

शहरातल्या वाचकाला राजगड माहीत होता तो पुस्तकातल्या इतिहासामुळे. त्याच गडाखाली आज कुणीतरी राहतं, त्याचं एक जनावर गेलं तर वर्षाचं गणित कोलमडतं, हे त्याला माहीत नव्हतं. गोनीदांच्या लेखनातला कळीचा मुद्दा हाच आहे. महाराजांना साथ देणारे मावळे कोण होते, असं विचारणाऱ्याला गोनीदा त्या मावळ्यांच्या वंशजांच्या दारात नेऊन बसवतात.

आणि हे वंशज बोलतात ते मावळी बोलीतच. त्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावलं असतं, तर पुस्तक जास्त सोपं झालं असतं आणि बरंचसं खोटंही झालं असतं.

पुस्तक रंगमंचावर कसं आलं?

१९७५ हे ज्ञानेश्वरांच्या जन्माचं सातशेवं वर्ष. ज्ञानेश्वरांच्या आयुष्यावरची गोनीदांची कादंबरी म्हणजे 'मोगरा फुलला'. त्याच सुमारास या कादंबरीचं जाहीर वाचन सुरू झालं. वाचणारे घरातलेच होते. गोनीदांच्या कन्या, मराठीच्या प्राध्यापक वीणा देव, आणि जावई, राज्यशास्त्राचे प्राध्यापक विजय देव. पुढच्या काळात नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी, यांच्यासह पुढची पिढीही त्यात आली.

सुरुवातीला हा घरगुती उत्साह वाटला असेल. पण एकामागून एक कादंबऱ्या वाचनासाठी तयार होत गेल्या आणि प्रयोगांची संख्या शेकड्यांत गेली. गावोगावच्या व्याख्यानमाला, ग्रंथालयांचे वार्षिक कार्यक्रम, महाविद्यालयं, महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळं, सगळीकडे ही वाचनं झाली.

हे नेमकं कसं होतं, ते समजून घ्यायला हवं. कारण अभिवाचन म्हणजे पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचत जाणं नव्हे.

पहिलं काम संपादनाचं. दोनशे पानांची कादंबरी जशीच्या तशी वाचली तर सहज सात-आठ तास लागतील. ती दोन-अडीच तासांत बसवायची, तर उपकथानकं आणि लांब वर्णनं गाळावी लागतात. पण लेखकाचं वाक्य बदलायचं नाही. कापायचं, पण स्वतःचं काही जोडायचं नाही.

दुसरं काम वाटणीचं. निवेदन कुणाकडे, कुठलं पात्र कुणाकडे, एकाच माणसाकडे दोन पात्रं आली तर आवाजात फरक कसा दाखवायचा, हे ठरवावं लागतं.

तिसरं, आणि सर्वात अवघड, मर्यादा पाळण्याचं. अभिवाचन हे नाटक नाही. वाचणारा रडून दाखवत नाही, उठून फिरत नाही. त्यानं फार अभिनय केला तर ऐकणारा त्याच्याकडे बघायला लागतो आणि डोळ्यांसमोरचा गड पुसला जातो. अगदी कोरडं वाचलं तर लोक पंधरा मिनिटांत घड्याळ बघतात. या दोन टोकांच्या मधली जागा सापडली की ऐकणारा स्वतःच्या मनात चित्र रंगवू लागतो.

मोठ्यानं वाचायची परंपरा जुनीच

लेखकानं लोकांसमोर वाचायचं, हे जगाला नवीन नाही. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ पासून स्वतःच्या पुस्तकांची तिकीट लावून वाचनं केली. १८६७-६८ मध्ये त्यासाठी त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. सभागृहं भरून वाहायची. त्या दगदगीनं त्यांची तब्येत मात्र ढासळली.

महाराष्ट्रात तर याहून जुनी रीत होती. देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर एकजण पोथी वाचायचा आणि गाव ऐकायचं. अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत ज्ञानेश्वर, तुकाराम, रामायण, पांडवप्रताप पोचले ते याच वाटेनं. विसाव्या शतकात पुण्यातल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन दाखवल्या, तेव्हा त्यांना गावोगावी श्रोते मिळाले.

कादंबरी मात्र एकट्यानं वाचायची गोष्ट समजली जात होती. ती छापखान्याबरोबर आली, शिकलेल्या माणसाच्या हातात आली आणि तिथेच राहिली. गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या वाचनानं ती पुन्हा पोथीच्या जागी आणून ठेवली. ज्यांची नजर अधू झाली आहे असे वृद्ध, ज्यांना मराठी समजतं पण देवनागरी भराभर वाचता येत नाही अशी मुलं, ज्यांनी शाळेनंतर पुस्तक हातात घेतलेलं नाही असे लोक, सगळे एकाच वेळी एक कादंबरी ऐकू शकले.

अकोल्याचं अध्यक्षपद

१८७८ साली पुण्यात हिराबागेत न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं ग्रंथकारांची सभा भरली होती. तिथून अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा सुरू झाली असं मानतात. या संमेलनाचं अध्यक्षपद हा मराठी लेखकासाठी मोठा मान. १९८१ मध्ये अकोल्याला भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष गोनीदा होते.

अकोला विदर्भातलं शहर. जन्मगाव परतवाडा फार दूर नाही. सातवीत शाळा सोडून याच भागातून निघालेला मुलगा पन्नास वर्षांनी इथे परतला, तो मराठी साहित्याचा प्रतिनिधी म्हणून. पुढे १९९२ मध्ये पुणे विद्यापीठानं गोनीदांना मानद डी.लिट. दिली.

तोपर्यंत चित्रपटांनीही त्यांच्या कथा उचलल्या होत्या. 'पवनाकाठचा धोंडी' १९६६ मध्ये पडद्यावर आला. १९७७ मध्ये जब्बार पटेल यांनी 'जैत रे जैत' केला. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्या भूमिका, ना. धों. महानोरांची गीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. तो चित्रपट आजही बघितला जातो. पुस्तक न वाचलेल्यांनाही त्यातला नाग्या आणि चिंधी माहीत आहेत.

सगळं गोडच होतं का?

नाही. गोनीदांच्या लेखनावर टीकाही झाली.

त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा मराठीत नवकथा जोरात होती. माणसाच्या मनातला गोंधळ, शहरातलं एकाकीपण, तुटलेली नाती, हे विषय महत्त्वाचे मानले जात होते. त्यांच्याशेजारी गोनीदांची भाविक, निसर्गात रमलेली, परंपरेवर विश्वास असलेली माणसं काही समीक्षकांना भाबडी वाटली. गावाकडचं जगणं ते फार सुंदर करून दाखवतात, हा दुसरा आक्षेप. त्यापुढच्या पिढीत दलित आणि ग्रामीण साहित्यानं गावातली जात, भूक आणि अन्याय ज्या धारेनं मांडला, त्या तुलनेत गोनीदांचं गाव मवाळ वाटतं, हे खरंच आहे.

या आक्षेपांत तथ्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मावळातल्या, कोकणातल्या, ठाकरवाडीतल्या माणसाला नायक करून, त्याची बोली जशीच्या तशी मुख्य कादंबरीत आणणारे लेखक १९५० च्या दशकात मोजकेच होते. गोनीदांनी या माणसांना विनोदासाठी किंवा कीव करण्यासाठी वापरलं नाही. शहरातल्या सभागृहात त्यांची मावळी बोली वाचली जाते तेव्हा लोक हसतात ते तिच्यातल्या चातुर्याला, तिच्या गावंढळपणाला नाही. हा फरक लेखकानं आधीच करून ठेवलेला आहे.

गोनीदा गेल्यानंतर

१ जून १९९८ रोजी पुण्यात गोनीदांचं निधन झालं.

लेखक गेला की त्याच्या पुस्तकांचं काय होतं? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असतं. काही वर्षं आठवणींचे लेख येतात, मग नवी आवृत्ती निघेनाशी होते आणि पुस्तक ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात जातं. आता तर मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि मराठी कादंबरीचा वाचक घटतोय ही तक्रार नित्याची झाली आहे.

गोनीदांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक म्हणजे अभिवाचन थांबलं नाही. वीणा देव यांनी वाचनाबरोबरच वडिलांचं चरित्र 'आशक मस्त फकीर' लिहिलं. विजय देव किल्ल्यांचा अभ्यास करत राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे दुर्गसाहित्य संमेलन. गोनीदांच्या नावानं सुरू झालेलं दुर्गप्रेमी मंडळ हे संमेलन भरवतं आणि त्याची जागा असते किल्ला किंवा किल्ल्याचा पायथा. राजमाची, विजयदुर्ग, सज्जनगड अशा ठिकाणी ही संमेलनं झाली. लेखक, इतिहास अभ्यासक, गिर्यारोहक आणि गडाखालचे गावकरी एकत्र बसतात. एरवी साहित्य महोत्सव म्हटला की शहर, सभागृह, पार्किंग आणि पुस्तकांचे स्टॉल डोळ्यांसमोर येतात. हे संमेलन साहित्य जिथून आलं तिथे परत जातं.

मात्र प्रश्न संपलेले नाहीत. विजय देव यांचं २०१९ मध्ये निधन झालं, वीणा देव यांचं ऑक्टोबर २०२४ मध्ये. ज्या आवाजांनी या कादंबऱ्या जवळपास पन्नास वर्षं ऐकवल्या, ते आता नाहीत. अशी परंपरा एकाच घराच्या खांद्यावर फार काळ राहू शकत नाही.

बोलीचा प्रश्न तर त्याहून कठीण आहे. गुंजण मावळातली आणि हिरडस मावळातली तरुण मुलं नोकरीसाठी पुण्यात येतात. शिरवळच्या कंपन्यांत, सिंहगड रस्त्यावरच्या दुकानांत काम करतात आणि शहरासारखं बोलायला शिकतात. तसं बोलणं त्यांना भाग पडतं, कारण मुलाखतीत गावची बोली ऐकली की समोरचा माणूस त्यांना कमी लेखतो. अजून दोन पिढ्यांनी 'वाघरू'तले संवाद जसे उच्चारायला हवेत तसे उच्चारणारं कुणी उरेल का, हे सांगता येत नाही. छापील पान बोलीचे शब्द टिकवू शकतं, तिचा हेल टिकवू शकत नाही.

म्हणून या कादंबऱ्यांच्या वाचनाला करमणुकीपलीकडचा अर्थ आहे. त्यासाठी मोठा नट किंवा महागडं सभागृह लागत नाही. एक पुस्तक, ते आधी नीट वाचलेली दोन-तीन माणसं आणि ऐकायला बसणारी पंधरा-वीस माणसं एवढं पुरतं. वेल्ह्यातल्या किंवा भोरमधल्या एखाद्या शाळेत मराठीच्या तासाला, वार्षिक संमेलनात, गावच्या वाचनालयात हे सहज होऊ शकतं. आणि मावळी संवाद वाचायला मावळातली मुलगी किंवा मुलगा उभा राहिला, तर त्याला हेल शिकवावा लागणार नाही. जी बोली मुलाखतीत लपवावी लागते, तीच तिथे त्याला सगळ्यांत चांगला वाचक ठरवेल.

गोनीदांनी शाळा सोडली ती कायमची. त्यांच्या कादंबऱ्या मात्र शाळेत परत जाऊ शकतात, पाठ्यपुस्तकातला उतारा होऊन नाही, तर वर्गात मोठ्यानं वाचलेली गोष्ट होऊन.